अतिनवताऱ्याची ओळख : पहिल्या काही दिवसांचा पुरावा

१९ मे २०२३ रोजी जपानमधील हौशी आकाशनिरीक्षक कोइची इतागाकी यांना सप्तर्षीच्या शेपटीजवळील एका दीर्घिकेत पूर्वी नसलेला प्रकाशबिंदू आढळला. भारतीय वेळेनुसार तेव्हा रात्रीचे अकरा वाजण्यास काही मिनिटे कमी होती. त्या घटकेला ती दीर्घिका पुण्याच्या आकाशात उत्तरेकडे, क्षितिजापासून सुमारे ५४ अंश उंचीवर, म्हणजे आपल्या सर्वोच्च स्थानाजवळ होती. स्वारगेटच्या चौकात उभ्या असलेल्या माणसाने त्या दिशेला पाहिले असते, तर दिव्यांच्या झगमगाटातून त्याला वसिष्ठ आणि मरीची हे दोन तारे कसेबसे दिसले असते. या दोघांशी त्रिकोण करणाऱ्या जागी ती दीर्घिका आहे. तिचे नाव एम १०१.

त्या प्रकाशबिंदूला ‘२०२३ आयएक्सएफ’ हे नाव मिळाले आणि पाच तासांच्या आत त्याचा प्रकारही निश्चित झाला. इतक्या अल्पावधीत, इतक्या दूरच्या वस्तूविषयी असा निर्णय कोणत्या आधारावर घेतला जातो, हे या अभ्यासलेखात आम्ही क्रमाने मांडत आहोत. शालेय विज्ञानातील प्रकाशाचे अपस्करण आणि साधी वजाबाकी-भागाकार एवढ्या भांडवलावर हा विषय समजतो, असा आमचा अनुभव आहे.

अतिनवतारा म्हणजे काय?

अतिनवतारा, म्हणजेच सुपरनोव्हा, हा नव्याने जन्मलेला तारा नसतो. तो एखाद्या ताऱ्याचा अखेरचा स्फोट असतो. असा स्फोट मुख्यतः दोन मार्गांनी होतो.

पहिला मार्ग प्रचंड वस्तुमानाच्या ताऱ्यांचा. सूर्याच्या सुमारे आठपट किंवा त्याहून अधिक वस्तुमान असलेल्या ताऱ्याच्या गाभ्यात इंधन जळत जळत शेवटी लोह साठते. लोहाच्या संमीलनातून ऊर्जा मिळत नाही. आधार नाहीसा झालेला गाभा क्षणार्धात कोसळतो आणि बाहेरचे थर उधळले जातात.

दुसरा मार्ग श्वेतबटूचा. श्वेतबटू म्हणजे सूर्यासारख्या ताऱ्याचा विझलेला गाभा. आकाराने पृथ्वीएवढा, वस्तुमानाने मात्र सूर्याच्या जवळपास. जोडीदार ताऱ्याकडून त्याला द्रव्य मिळाले, किंवा दोन श्वेतबटू एकमेकांत मिसळले, तर त्यातील कार्बन व ऑक्सिजन एकाएकी पेटतात आणि संपूर्ण ताराच उधळला जातो. श्वेतबटूच्या वस्तुमानाला सूर्याच्या सुमारे १.४ पट एवढी कमाल मर्यादा असते, हे सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांनी दाखवून दिले.

दुरून पाहणाऱ्याला दोन्ही वेळा एकच गोष्ट दिसते : दीर्घिकेत उगवलेला एक ठिपका. ताऱ्याचा अंत कोणत्या मार्गाने झाला, हे त्या ठिपक्याकडूनच वदवून घ्यावे लागते.

पहिला साक्षीदार : तेज

ताऱ्यांचे तेज ‘प्रत’ या एककात मोजतात. ही मोजपट्टी उलटी आहे. अंक जितका लहान, तितका तारा तेजस्वी. पाच प्रतींचा फरक म्हणजे तेजात शंभरपट फरक, आणि एका प्रतीचा फरक म्हणजे सुमारे अडीचपट. काळोख्या खेडेगावात नुसत्या डोळ्यांना सहाव्या प्रतीपर्यंतचे तारे दिसतात; शहरात ही मर्यादा बरीच खाली येते.

आपल्याला दिसते ती ‘दृश्य प्रत’. दूरचा हजार वॉटचा दिवा जवळच्या मेणबत्तीपेक्षा मंद दिसू शकतो, तसेच ताऱ्यांचेही असते. म्हणून सर्व तारे एकाच ठरावीक अंतरावर, म्हणजे ३२.६ प्रकाशवर्षांवर, आणून ठेवले तर किती तेजस्वी दिसतील, याचा हिशेब करतात. ती ‘निरपेक्ष प्रत’. एम १०१ आपल्यापासून दोन कोटी प्रकाशवर्षांहून थोडी अधिक दूर आहे. त्या दीर्घिकेतील कोणत्याही ताऱ्यासाठी दृश्य प्रतीतून सुमारे २९ वजा केले की निरपेक्ष प्रत मिळते.

आता एक योगायोग पाहू. याच एम १०१ दीर्घिकेत बारा वर्षांपूर्वी, २४ ऑगस्ट २०११ रोजी, आणखी एक अतिनवतारा सापडला होता. त्याचे नाव ‘२०११ एफई’. दीर्घिका एकच असल्याने दोघांचे अंतरही जवळपास एकच. त्यामुळे दोघांची तुलना थेट करता येते.

२०११ एफई सापडला तेव्हा त्याची दृश्य प्रत सुमारे १७.३ होती, वजाबाकी केल्यावर निरपेक्ष प्रत उणे ११.७ येते. २०२३ आयएक्सएफ सापडला तेव्हा १४.९ प्रतीचा होता. म्हणजे निरपेक्ष प्रत उणे १४.१. शोधाच्या क्षणी २०२३ चा तारा सुमारे नऊपट अधिक तेजस्वी होता. पुढे काय झाले? २०२३ चा तारा पाच-सहा दिवसांतच शिखरावर पोहोचला आणि सुमारे ११ प्रतीवर थांबला, म्हणजे निरपेक्ष प्रत उणे १८. २०११ चा तारा मात्र अडीच आठवडे चढतच राहिला आणि ९.९ प्रतीपर्यंत गेला. निरपेक्ष प्रत उणे १९.१. ही दीप्ती सुमारे चारशे कोटी सूर्यांएवढी होते. आरंभी मंद असलेला तारा अखेरीस दुसऱ्याच्या अडीचपट तेजस्वी ठरला.

यातून पहिला धडा मिळतो. एका रात्रीच्या तेजावरून प्रकार ठरवता येत नाही. तेज किती आहे यासोबत ते कोणत्या वेगाने बदलत आहे, हे पाहावे लागते. दिवस आडव्या अक्षावर आणि प्रत उभ्या अक्षावर घेऊन काढलेल्या आलेखास ‘प्रकाशवक्र’ म्हणतात. तो हळूहळू बोलतो. त्याचे म्हणणे पूर्ण ऐकायला काही आठवडे, कधी काही महिने लागतात.

दुसरा साक्षीदार : वर्णपट

लोलकातून सूर्यप्रकाश गेला की सात रंगांचा पट्टा दिसतो. हाच पट्टा सूक्ष्मपणे पसरवला की त्यात ठरावीक ठिकाणी काळ्या किंवा उजळ रेषा आढळतात. प्रत्येक मूलद्रव्याच्या रेषांच्या जागा ठरलेल्या असतात. माणसाच्या बोटांच्या ठशांप्रमाणे त्या एकाच्या दुसऱ्याशी जुळत नाहीत. हायड्रोजनची प्रमुख तांबडी रेषा ६५६.३ नॅनोमीटरवर असते. सिलिकॉनची एक महत्त्वाची रेषा ६३५.५ नॅनोमीटरवर असते.

अतिनवताऱ्यात या रेषा जागेवरून सरकलेल्या व रुंद झालेल्या दिसतात, कारण द्रव्य प्रचंड वेगाने उधळलेले असते. आपल्याकडे येणाऱ्या द्रव्याची रेषा निळ्या बाजूला सरकते. जवळ येणाऱ्या गाडीच्या भोंग्याचा स्वर चढा ऐकू येतो, त्यामागे हाच डॉप्लर परिणाम आहे. सिलिकॉनची रेषा ६३५.५ ऐवजी ६१३ नॅनोमीटरवर दिसली, असे समजू. फरक २२.५. त्याला ६३५.५ ने भागले की ०.०३५४ येतात. प्रकाशाचा वेग सेकंदाला ३ लाख किलोमीटर. त्याला या संख्येने गुणले की सेकंदाला सुमारे १०,६०० किलोमीटर हा द्रव्याचा वेग मिळतो. एका रेषेच्या जागेवरून मूलद्रव्य आणि वेग या दोन्ही गोष्टी हाती येतात.

प्रकार कसे ठरतात?

१९४१ मध्ये रुडॉल्फ मिंकोवस्की यांनी वर्णपट पाहून अतिनवताऱ्यांचे दोन वर्ग केले. आजचे वर्गीकरण त्याच पायावर उभे आहे. ते पुढील प्रश्नांच्या क्रमाने समजून घ्यावे.

१) वर्णपटात हायड्रोजन आहे काय? असल्यास प्रकार दुसरा. नसल्यास प्रकार पहिला.

२) हायड्रोजन नाही, पण शिखराच्या सुमारास सिलिकॉनची ठळक रेषा आहे काय? असल्यास प्रकार ‘पहिला-ए’. हा श्वेतबटूचा स्फोट.

३) हायड्रोजन नाही, ठळक सिलिकॉनही नाही, परंतु हेलियम आहे काय? असल्यास ‘पहिला-बी’. हेलियमही नसल्यास ‘पहिला-सी’. हे दोन्ही प्रचंड ताऱ्यांचेच स्फोट. फरक इतकाच की त्यांची बाहेरची आवरणे आधीच निघून गेलेली असतात.

४) हायड्रोजन आहे, मग तेज पुढे कसे उतरते? दोन-तीन महिने जवळपास स्थिर राहून मग घसरले तर ‘दुसरा-पी’, सरळ उतरत गेले तर ‘दुसरा-एल’. रेषा अरुंद असून टिकून राहिल्या तर ‘दुसरा-एन’, म्हणजे ताऱ्याभोवती दाट वायू आहे.

वाचकांच्या ध्यानात येईल की पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरे वर्णपट देतो आणि चौथ्याचे उत्तर देताना प्रकाशवक्राची मदत लागते. म्हणूनच नियम असा आहे की नव्या प्रकाशबिंदूच्या नावाआधी आरंभी ‘एटी’, म्हणजे खगोलीय क्षणिक घटना, एवढेच लिहितात. वर्णपटाने खात्री पटल्यावरच ‘एसएन’ ही अक्षरे लागतात. वर्षानंतरची अक्षरे नोंदीचा अनुक्रम सांगतात. ‘आयएक्सएफ’ म्हणजे त्या वर्षातील ६,७१४ वी नोंद, आणि तीही मे महिन्यातच. इतक्या नोंदींपैकी बहुसंख्य वस्तूंना वर्णपट कधीच मिळत नाही. त्यामुळे दुर्बिणीचा मोलाचा वेळ कोणासाठी खर्च करावा, हे आरंभीच्या तेजावरूनच ठरवावे लागते.

पहिल्या दिवसांतच मिळणारा पुरावा

एम १०१ मधील दोन्ही ताऱ्यांचे आरंभीचे वर्णपट कॅनरी बेटांतील ला पाल्मा येथील २ मीटर व्यासाच्या लिव्हरपूल दुर्बिणीने घेतले. २०११ एफईच्या वर्णपटात हायड्रोजनचा मागमूस नव्हता; सिलिकॉन, ऑक्सिजन, कार्बन यांच्या खुणा होत्या. प्रकार पहिला-ए. २०२३ आयएक्सएफच्या वर्णपटात हायड्रोजन होता. प्रकार दुसरा.

परंतु लवकर पाहिल्यामुळे प्रकाराच्या नावापलीकडचेही ज्ञान मिळाले. २०११ एफई स्फोटानंतर सुमारे ११ तासांनी सापडला. त्याही आधीचे, स्फोटानंतर सुमारे ४ तासांचे, एक छायाचित्र उपलब्ध होते आणि त्यात त्या जागी काहीच नव्हते. हे ‘काहीच नसणे’ फार मोलाचे ठरले. फुटणारा तारा मोठा असता तर त्याचा तापलेला पृष्ठभाग पहिल्या तासांतच ठळक दिसला असता. तो दिसला नाही, यावरून तो तारा सूर्याच्या त्रिज्येच्या पन्नासाव्या भागाहूनही लहान असला पाहिजे, असा निष्कर्ष निघाला. इतका लहान आणि तरीही इतका जड तारा म्हणजे श्वेतबटूच. जे सिद्धान्त सांगत होता, त्याला निरीक्षणाचा आधार मिळाला.

२०२३ आयएक्सएफची गोष्ट याच्या उलट. तो फुटण्यापूर्वी लाल महाराक्षसी तारा होता, हे हबल व स्पिट्झर या अवकाश दुर्बिणींच्या जुन्या प्रतिमांत आढळले. असा तारा सूर्याच्या जागी ठेवला तर मंगळाची कक्षाही त्याच्या पोटात जाईल. त्याच्या पहिल्या वर्णपटांत हायड्रोजन, हेलियम, कार्बन व नायट्रोजन यांच्या अरुंद उजळ रेषा होत्या. उधळलेल्या वेगवान द्रव्याच्या रेषा रुंद असतात. मग या अरुंद रेषा कोणाच्या? ताऱ्याने मरणापूर्वीच्या काळात स्वतःभोवती सोडलेल्या संथ वायूच्या. स्फोटाच्या प्रखर किरणांनी तो वायू उजळला आणि आठवडाभरात मागून आलेल्या द्रव्याने तो गिळून टाकला. त्या रेषा लोपल्या. जो दहा दिवस उशिरा पाहील, त्याला प्रकार दुसराच दिसेल; पण ताऱ्याच्या अखेरच्या वर्षांचा हा इतिहास त्याला कधीच वाचता येणार नाही.

या कामी हौशी निरीक्षकांचे साह्य विशेष नोंद घेण्यासारखे आहे. शोध जाहीर झाल्यावर जगभरातील अनेकांनी आपापल्या संग्रहातील त्या रात्रीची एम १०१ ची छायाचित्रे पुन्हा तपासली. काहींत तो तारा शोधाच्या कित्येक तास आधीच उमटलेला होता. स्फोटाची वेळ अचूक ठरवता आली ती अशा जपून ठेवलेल्या छायाचित्रांमुळे.

ओळख बदलते तेव्हा

पहिले उत्तर अंतिमच असते, असे मानू नये. २८ मार्च १९९३ रोजी सप्तर्षी तारकासमूहातीलच एम ८१ दीर्घिकेत स्पेनमधील हौशी निरीक्षक फ्रान्सिस्को गार्सिया यांना अतिनवतारा सापडला. वर्णपटात हायड्रोजन होता; प्रकार दुसरा ठरला. काही आठवड्यांत हायड्रोजनच्या रेषा फिक्या होऊन हेलियमच्या रेषा पुढे आल्या. ताऱ्याचे हायड्रोजनचे आवरण आधीच बव्हंशी ओरबाडले गेले होते आणि अगदी पातळ थर उरला होता, असा त्याचा अर्थ. या संक्रमणशील प्रकाराला ‘दुसरा-बी’ म्हणतात. पुढे नारायणगावजवळ खोडद येथील जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीने, ४५ मीटर व्यासाच्या तिच्या ३० अँटेनांनी, याच ताऱ्याच्या अवशेषांचा वेध घेतला आणि तेथील चुंबकीय क्षेत्राचा अंदाज बांधण्यास साह्य केले.

नव्या पुराव्यासमोर जुने नाव बदलणे ही विज्ञानातील नामुष्की नव्हे. ती त्याची रीतच आहे. मात्र कोणता पुरावा कोणत्या दिवशीचा, याची नोंद चोख असावी लागते.

चुकीची किंमत

प्रकार चुकला तर बिघडते काय, असा प्रश्न विद्यार्थी नेहमी विचारतात. तो योग्यच आहे. पहिला-ए प्रकारच्या अतिनवताऱ्यांची कमाल दीप्ती, त्यांच्या उताराचा वेग ध्यानात घेतला की, जवळपास सारखी धरता येते. म्हणून त्यांच्यावरून दूरच्या दीर्घिकांची अंतरे मोजतात. विश्वाचे प्रसरण वेगाने वाढत आहे, हा १९९८ मधील शोध याच मोजणीवर आधारलेला होता आणि त्यासाठी सॉल पर्लमटर, ब्रायन श्मिट व ॲडम रीस यांना २०११ चे नोबेल पारितोषिक मिळाले. आता एक प्रत मंद असलेला पहिला-सी प्रकारचा तारा कोणी पहिला-ए समजला, तर अंतर खऱ्याच्या जवळजवळ १.६ पट येईल. सहा किलोमीटरचा रस्ता साडेनऊ किलोमीटरचा नोंदवण्यासारखेच हे झाले. अशा चुका अनेक झाल्या तर विश्वाचे मापच चुकेल.

वर्णपटाचे महत्त्व इतिहासही सांगतो. १५७२ मध्ये टायको ब्राहे यांनी शर्मिष्ठा तारकासमूहातील अतिनवताऱ्याच्या तेजाच्या व रंगाच्या काळजीपूर्वक नोंदी केल्या. तरी त्याचा प्रकार वर्णपटाने सिद्ध झाला तो २००८ मध्ये. त्या स्फोटाचा काही प्रकाश दूरच्या धूलिमेघावर आपटून, वळसा घेऊन, चारशे छत्तीस वर्षे उशिरा पृथ्वीवर पोहोचला. त्या प्रतिध्वनीचा वर्णपट घेतल्यावर तो पहिला-ए असल्याचे दिसले. अशी दुसरी संधी फार थोड्या ताऱ्यांना मिळते.

आपल्या परिसरातून काय करता येईल?

लडाखमधील हान्ले येथे, सुमारे ४,५०० मीटर उंचीवर, २ मीटरची हिमालयन चंद्रा दुर्बीण आहे. तिच्याजवळच मुंबईची आयआयटी व बंगळूरची भारतीय ताराभौतिकी संस्था यांची ०.७ मीटरची स्वयंचलित दुर्बीण आहे. २०२३ आयएक्सएफचे वर्णपट व प्रकाशवक्र नोंदवण्यात या दोन्ही दुर्बिणींचा वाटा होता, आणि ‘ॲस्ट्रोसॅट’ या भारतीय उपग्रहाने त्याचा अतिनील प्रकाश टिपला. पुण्यातील आयुकाची २ मीटरची दुर्बीण गिरवली येथे २००६ पासून आहे. तिलाही वर्णपट घेणारे यंत्र जोडलेले आहे. स्वारगेटहून चालत जाता येईल इतक्या अंतरावर, टिळक रस्त्यावरील टिळक स्मारक मंदिरात, १९४४ साली स्थापन झालेली ज्योतिर्विद्या परिसंस्था आहे. हौशी निरीक्षकांची ही संस्था देशातील सर्वांत जुन्या संस्थांपैकी एक होय.

स्वारगेटच्या उजेडातून एम १०१ दिसत नाही, हे खरे. तरीही या शास्त्राचे पहिले पाऊल येथूनच टाकता येते. नव्या नोंदी आणि अनेक वर्णपट सर्वांसाठी खुले असतात. गच्चीवरून दिसणाऱ्या ताऱ्यांची तेजानुसार क्रमवारी लावणे, तारीख व वेळ लिहून वही ठेवणे, आलेख काढणे, ही कामे आठवीतील मुलगी वा मुलगाही करू शकतो. माजी विद्यार्थ्यांपैकी कोणाकडे दुर्बीण वा चांगला कॅमेरा असेल, तर त्यांनी शहराबाहेरील एखाद्या काळोख्या रात्रीसाठी मुलांना सोबत न्यावे, अशी आमची विनंती आहे. पालकांनी मुलांच्या जुन्या वह्या रद्दीत देऊ नयेत. त्या रात्री नेमके काय दिसले होते, हे पुढे कोणाला हवे असेल, ते आज सांगता येत नाही.

स्वाध्याय

१) एका दीर्घिकेच्या अंतरासाठी दृश्य प्रतीतून ३१ वजा करावे लागतात. तेथे १५ प्रतीचा नवा तारा दिसला. त्याची निरपेक्ष प्रत किती? एवढ्यावरून प्रकार सांगता येईल काय?

२) सिलिकॉनची रेषा ६१४.३ नॅनोमीटरवर आढळली. द्रव्याचा वेग काढा.

३) पहिल्या आठवड्यात ठळक हायड्रोजन, महिनाभराने ठळक हेलियम. प्रकार कोणता?

४) ज्या छायाचित्रात नवा तारा दिसत नाही, ते का जपावे?

उत्तरे : १) उणे १६, नाही, प्रकाशवक्र वा वर्णपट हवा. २) सेकंदाला सुमारे १०,००० किलोमीटर. ३) दुसरा-बी. ४) स्फोट त्या क्षणापर्यंत झाला नव्हता किंवा तारा तोवर अतिशय मंद होता, हे त्यावरून कळते, स्फोटाची वेळ आणि फुटलेल्या ताऱ्याचा आकार यांचा शोध तेथूनच सुरू होतो.